विश्लेषण : लूपमधली एक चूक आणि ३० लाख सर्टिफिकेट, कोड न चालवता असा बग पकडता येतो का?

२९ फेब्रुवारी २०२०, शनिवार. भारतात सकाळचे ८ वाजून ३८ मिनिटे झाली होती. वेबसाइटना मोफत सुरक्षा सर्टिफिकेट देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेच्या अभियंत्यांची आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बग असल्याची खात्री पटली. दोनच मिनिटांत त्यांनी नवी सर्टिफिकेट देणे थांबवले. बग दुरुस्त करून काम पुन्हा सुरू व्हायला दोन-सव्वादोन तास लागले. पण प्रकरण तिथे संपले नाही. त्या बगच्या छायेत दिली गेलेली आणि अजून वापरात असलेली सर्टिफिकेट मोजली, तेव्हा आकडा निघाला ३०,४८,२८९.

त्याच्या दोन दिवस आधी, २७ फेब्रुवारीला, याच संस्थेने १०० कोटी सर्टिफिकेट दिल्याचे जाहीर केले होते.

हा बग म्हणजे हॅकरचा हल्ला नव्हता की कुणाची घातपाती करामतही नव्हती. प्रोग्रामिंग शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी करतो ती 'लूप व्हेरिएबल'ची चूक होती. ती जिथे झाली, त्याच्या जवळच दुसऱ्या व्हेरिएबलसाठी हीच चूक टाळलेली होती आणि ती का टाळली याची टीपही कोडमध्ये लिहिलेली होती. म्हणजे लिहिणाऱ्याला धोका ठाऊक होता, तरीही घोळ झाला. मग असा बग माणसाच्या नजरेवर न सोडता एखाद्या टूलला पकडता येईल का? येतो, पण नेहमी नाही. का नाही, ते पाहू.

चूक नेमकी काय असते?

लग्नघराचे उदाहरण घेऊ. मामांनी दहा मुलांना पत्रिका वाटायला पाठवायचे ठरवले आहे. दारात एक पाटी आहे. मामा पाटीवर पहिल्या पाहुण्याचे नाव लिहितात आणि पहिल्या मुलाला सांगतात, "निघताना पाटीवरचे नाव बघ आणि त्यांच्याकडे पत्रिका दे." मग पाटी पुसून दुसरे नाव, दुसरा मुलगा. असे दहा वेळा. मुले मात्र लगेच निघत नाहीत, आधी चहा पितात. चहा संपवून दहाही जण पाटी बघतात, तेव्हा तिच्यावर दहावे नाव असते. दहाव्या पाहुण्याच्या घरी दहा पत्रिका जातात आणि नऊ पाहुणे आयुष्यभर रुसतात.

लूप म्हणजे मामांचे हे दहा वेळा तेच काम करणे. पाटी म्हणजे लूप व्हेरिएबल. 'पाटीवरचे नाव बघ' ही सूचना म्हणजे व्हेरिएबल 'कॅप्चर' करणे, म्हणजेच किंमत हातात न देता ती जिथे ठेवली आहे ती जागा दाखवणे. उपाय सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात वेगळी चिठ्ठी द्यायची.

मुले चहा न पिता तडक निघाली असती, तर पाटीनेही काम भागले असते, हे इथे लक्षात ठेवा. पुढची सगळी गुंतागुंत या चहामुळे आहे.

प्रस्तुत लेखकानेही इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये जावास्क्रिप्टमध्ये दहा बटणे बनवली होती. कोणतेही दाबले तरी '१०' हाच आकडा यायचा. तास संपेपर्यंत ब्राउझरला दोष देऊन झाला. तिथे फक्त प्रॅक्टिकलचे मार्क गेले.

लेट्स एन्क्रिप्टमध्ये काय बिघडले?

वेबसाइटच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' दिसते, त्यामागे सर्टिफिकेट असते. 'ही वेबसाइट खरोखर त्याच डोमेनची आहे' याची ती ग्वाही. डोमेनचा मालक आपल्या डीएनएस नोंदींमध्ये 'सीएए' नावाची एक नोंद ठेवू शकतो. माझ्या डोमेनचे सर्टिफिकेट फक्त अमुक संस्थेनेच द्यावे, इतरांनी नाही, असे ती सांगते. सर्टिफिकेट देणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही नोंद तपासणे सप्टेंबर २०१७ पासून बंधनकारक आहे.

नियम असा की ही तपासणी सर्टिफिकेट देण्याआधीच्या ८ तासांतली हवी. लेट्स एन्क्रिप्ट मात्र एकदा केलेली डोमेन-मालकीची पडताळणी तेव्हा ३० दिवस ग्राह्य धरत असे. साहजिकच पडताळणी जुनी असेल तर सीएए नोंद पुन्हा बघावी लागे. त्यांच्या एका सर्टिफिकेटमध्ये १०० पर्यंत डोमेन असू शकतात, त्यामुळे फेरतपासणीची यादीही लांब असू शकते.

बगमुळे झाले ते असे. यादीत दहा डोमेन असतील तर सॉफ्टवेअर दहाही तपासण्याऐवजी त्यातले एकच डोमेन दहा वेळा तपासत असे. लग्नघरातल्या पत्रिकांसारखेच. उरलेल्या नऊ मालकांपैकी कुणी मधल्या काळात 'लेट्स एन्क्रिप्टने माझे सर्टिफिकेट देऊ नये' अशी नोंद टाकली असली, तरी ती वाचलीच गेली नसती. एकाच डोमेनचे सर्टिफिकेट असेल तर बग दिसण्याचा प्रश्नच नाही, कारण एकाला एकदाच तपासले तर बरोबरच उत्तर येते. संस्थेच्या अंदाजानुसार हा बग २५ जुलै २०१९ ला कोडमध्ये शिरला. म्हणजे सात महिने तो कुणाला दिसला नाही.

आता ती टीप. लेट्स एन्क्रिप्टचे 'बोल्डर' हे सॉफ्टवेअर 'गो' या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. त्या लूपमध्ये दोन व्हेरिएबल होते, 'के' आणि 'व्ही'. लूपच्या प्रत्येक फेरीत 'के' बदलणार असल्याने त्याची प्रत करत आहोत, अशा अर्थाची टीप लिहून 'के'ची वेगळी प्रत काढली होती. थोडक्यात, 'के'ची चिठ्ठी केली होती. 'व्ही'ची पाटी मात्र तशीच राहिली. त्याचा पत्ता दुसऱ्या एका फंक्शनला दिला गेला आणि त्या फंक्शनने आपल्या उत्तरात 'व्ही'च्या आतल्या रकान्यांचे पत्ते ठेवून दिले. लूप संपेपर्यंत सगळ्या उत्तरांमधले पत्ते एकाच जागेकडे बोट दाखवत होते.

लूप वाचणाऱ्याला हे दिसणे जवळपास अशक्य होते. फंक्शन 'व्ही' वाचून लगेच विसरते की त्याचा पत्ता सांभाळून ठेवते, हे त्या लूपमध्ये लिहिलेलेच नव्हते. ते दुसऱ्या फंक्शनच्या पोटात होते.

मग ३० लाख सर्टिफिकेटचे काय झाले?

नियमानुसार ती पाच दिवसांत रद्द करायला हवी होती. वापरात असलेल्या सुमारे ११.६ कोटी सर्टिफिकेटच्या तुलनेत हे प्रमाण २.६ टक्के, पण रद्द झालेले सर्टिफिकेट वेळेत न बदलणाऱ्या वेबसाइटवर वाचकाला लाल इशारा दिसू शकतो. रुग्णालय, बँक, छोटे दुकान, कुणाचीही वेबसाइट त्यात असू शकते. संस्थेने मालकांना ईमेल पाठवले, याद्या प्रसिद्ध केल्या. मुदतीपर्यंत १७,०६,५०५ सर्टिफिकेट रद्द झाली. ज्यांच्या डोमेनवर खरोखरच मनाईची सीएए नोंद सापडली अशी ४४५ सर्टिफिकेट प्राधान्याने रद्द करण्यात आली. उरलेली, म्हणजे दहा लाखांहून अधिक, लगेच रद्द न करण्याचा निर्णय संस्थेने घेतला. त्यांची सर्टिफिकेट तशीही ९० दिवसांतच संपतात आणि तोवर लाखो वेबसाइट बंद पाडण्यात कुणाचे हित नाही, हा त्यामागचा विचार. नियमाच्या अक्षरापेक्षा हा निर्णय शहाणपणाचा होता, असे वाटते.

स्टॅटिक अॅनालिसिस म्हणजे काय?

प्रोग्राम न चालवता, फक्त त्याचा मजकूर वाचून चुका शोधणे. मोबाइलच्या कीबोर्डवर चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते, तसेच काहीसे. फरक इतकाच की इथे टूल शब्दांपलीकडे जाऊन कोडची रचना वाचते. लूप कुठे सुरू होतो, कोणते व्हेरिएबल कुठे जन्मले, कुठे वापरले, याचा एक वृक्ष ते तयार करते आणि त्या वृक्षात संशयास्पद नक्षी शोधते.

लूप व्हेरिएबलच्या बगची नक्षी वरवर सोपी आहे. लूप शोधा, त्याचे व्हेरिएबल टिपून ठेवा. लूपच्या आत एखादे छोटे फंक्शन लिहिले असेल आणि त्यात ते व्हेरिएबल वापरले असेल, किंवा त्याचा पत्ता कुणाला दिला असेल, तर घंटा वाजवा. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीचा विद्यार्थी एका सेमिस्टरमध्ये असे टूल लिहू शकेल.

अडचण चहाची आहे. ते छोटे फंक्शन लगेच चालणार आहे की नंतर? यादी लहान-मोठ्या क्रमाने लावण्यासाठी लूपमध्ये एक तुलना-फंक्शन दिले, तर ते तिथल्या तिथे चालून संपते. मुलगा तडक निघाला, बग नाही. तेच फंक्शन दुसऱ्या धाग्यावर चालवायला सोडले, तर ते कधी चालेल याचा भरवसा नाही, म्हणून बग. पण सोडल्यानंतर लगेच पुढच्या ओळीत 'ते संपेपर्यंत थांब' असे लिहिले असेल, तर पुन्हा बग नाही.

'गो' भाषेसोबतच येणारे 'व्हेट' हे टूल म्हणूनच फार सावध होते. लूपमधले शेवटचे विधान असेल तरच ते अशा फंक्शनकडे बघायचे. शेवटच्या विधानानंतर थांबण्याची ओळ असूच शकत नाही, म्हणून तिथे खात्री. मधल्या ओळीत तोच बग असला तरी टूल गप्प. पुढे २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या १.२० आवृत्तीत ते थोडे धीट झाले आणि एकाच वेळी समांतर चालणाऱ्या चाचण्यांमधल्या चुकाही सांगू लागले.

लेट्स एन्क्रिप्टचा बग या 'व्हेट'ला सापडला नसता. तिथे लूपमध्ये छोटे फंक्शनच नव्हते, व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला होता आणि व्हेट ते बघत नव्हते.

मग जास्त कडक टूल का वापरत नाहीत?

वापरतात. 'गोसेक' या सुरक्षा तपासणीच्या टूलमध्ये एक सरधोपट नियम होता. लूप व्हेरिएबलचा पत्ता घेतला की इशारा. अशा नियमाने 'व्ही'ची ती ओळ नक्कीच अधोरेखित झाली असती. पण सोबत अशा कित्येक ओळी अधोरेखित झाल्या असत्या जिथे पत्ता घेतला, वापरला आणि विसरून गेले. म्हणजे काहीच चुकले नाही.

इथे 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट सुरू होते. टूलने दहा वेळा खोटी ओरड केली की अकराव्या वेळी डेव्हलपर इशारा न वाचताच पुढे जातो. किंवा दुसरेच काही तरी करतो, आणि ते 'गो'च्या टीमने तपासून पाहिले. लूप व्हेरिएबलची त्याच नावाने प्रत काढणारी एक छोटी ओळ असते. डावीकडेही 'एक्स', उजवीकडेही 'एक्स'. लोकांनी खुल्या कोडमध्ये ही ओळ कधी-कधी घातली, हे टीमने धुंडाळले. अपेक्षा होती की प्रत्येक ठिकाणी एक बग दुरुस्त झालेला दिसेल. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्या ओळीची गरजच नव्हती. टूल कुरकुर करते म्हणून लोकांनी ती घातली होती.

अशी ओळ वाचून पुढचा माणूस गोंधळतो. कुठली खरी गरजेची आणि कुठली टूलची समजूत काढण्यासाठी, हे ओळखू येत नाही. गरजेची ओळ 'साफसफाई'त उडवली जाण्याचा धोकाही येतो.

टूलला आणखी हुशार करता येणार नाही का?

काही प्रमाणात येते. एका फंक्शनमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, पत्ता कुठवर जातो याचा माग काढता येतो. गंमत म्हणजे 'गो'चा कंपायलर हे काम रोज करतो. त्याला 'एस्केप अॅनालिसिस' म्हणतात. एखादे व्हेरिएबल फंक्शन संपल्यावरही लागणार असेल तर त्याला टिकाऊ जागेत ठेवायचे, नाही तर तात्पुरत्या. शंका आली की कंपायलर सरळ टिकाऊ जागा देतो. त्याची चूक झाली तर थोडी मेमरी वाया जाते, कुणाला कळतही नाही.

तपासणीच्या टूलला ही चैन परवडत नाही. त्याने शंका आली की ओरडायचे ठरवले तर वाया जातो तो माणसाचा वेळ आणि विश्वास. शिवाय पत्ता बाहेरच्या लायब्ररीत गेला, किंवा कोणते फंक्शन चालणार हे प्रोग्राम सुरू झाल्यावरच ठरत असेल, तर माग तिथे तुटतो. आणि मुळात कोणताही प्रोग्राम चालताना काय करेल हे फक्त वाचून प्रत्येक वेळी अचूक सांगणारे टूल असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. हेन्री गॉर्डन राइस यांचा १९५३ चा सिद्धांत अभ्यासक्रमात 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन'मध्ये येतो. परीक्षेपुरता पाठ केलेला तो सिद्धांत असा नोकरीत येऊन भेटतो.

थोडक्यात, टूल बनवणाऱ्याला दोनच पर्याय उरतात. काही बग सुटू द्यायचे, किंवा काही निर्दोष ओळींवर आळ घ्यायचा. व्हेटने पहिला निवडला, इतर अनेकांनी दुसरा.

शेवटी तोडगा काय निघाला?

पाटीच काढून टाकली. ६ फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या 'गो' १.२२ मध्ये लूपच्या प्रत्येक फेरीला आपले स्वतंत्र व्हेरिएबल मिळू लागले. प्रत्येकाला चिठ्ठी, कुणी चहा पिवो न पिवो.

हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. २०१२ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा 'गो'ने जुना कोड पुढेही चालेल असे वचन दिले होते. लूपचा अर्थच बदलायचा म्हणजे जुन्या वागणुकीवर विसंबलेला कोड मोडू शकतो. म्हणून तोडगा असा निघाला की प्रकल्पाच्या फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली असेल तरच नवा अर्थ लागू होईल. गुगलने मे २०२३ पासून आपल्या सगळ्या 'गो' कोडसाठी नवा अर्थ वापरून पाहिला आणि चार महिन्यांत प्रत्यक्ष सेवेत चालणाऱ्या कोडमध्ये एकही तक्रार आली नाही.

बिघडल्या त्या काही चाचण्या, आणि तोही किस्सा सांगण्यासारखा आहे. समजा, चाचणीत १, २, ४, ६ हे आकडे सम आहेत का ते समांतरपणे तपासायचे आहे. जुन्या अर्थाने चारही चाचण्या शेवटचा ६ हाच आकडा बघायच्या आणि सगळ्या पास व्हायच्या. १ हा सम नाही, पण तो कुणी तपासलाच नाही. नव्या अर्थाने ती चाचणी पहिल्यांदा खरोखर चालली आणि नापास झाली. वर्षानुवर्षे हिरवी दिसणारी चाचणी लाल झाल्यावर डेव्हलपरने आधी भाषेच्या नव्या आवृत्तीलाच दोष दिला असेल, यात शंका नाही.

इतर भाषांचे काय?

'गो' या रांगेत उशिरा आला. सी-शार्पने २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीत 'फॉरइच' लूपचा अर्थ असाच बदलला. जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये 'लेट' हा शब्द आणून नवा मार्ग दिला, जुना 'व्हॅर' तसाच ठेवला. वर सांगितलेल्या दहा बटणांचा इलाज 'व्हॅर'च्या जागी 'लेट' लिहिणे इतकाच होता. जावाने मुळातच कडक भूमिका घेतली. बदलत राहणारे व्हेरिएबल छोट्या फंक्शनमध्ये वापरले तर कोड कंपाइलच होत नाही.

पायथनमध्ये पाटी अजून दारातच आहे. लूपमध्ये 'लॅम्डा' लिहून यादीत साठवले आणि नंतर चालवले तर सगळ्यांना शेवटची किंमत मिळते. आपल्याकडे कॉलेजपासून डेटा सायन्सच्या क्लासपर्यंत सगळीकडे पायथन शिकवले जाते, त्यामुळे हा बग भेटण्याची शक्यता 'गो'पेक्षा इथे जास्त. 'पायलिंट' हे टूल 'सेल-व्हॅर-फ्रॉम-लूप' या नावाने इशारा देते. 'फ्लेक-८'ला 'बगबेअर' हे प्लगइन जोडले तर 'बी-०२३' या क्रमांकाचा इशारा येतो. दोन्ही मोफत आहेत. इशारा आला तर लगेच ओळ बदलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, हे फंक्शन इथेच चालून संपते की नंतर चालणार आहे? नंतर चालणार असेल तर व्हेरिएबलची किंमत लॅम्डाच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये बांधून टाकायची. इथेच संपत असेल तर तो इशारा त्या ओळीपुरता बंद करायचा आणि का बंद केला ते शेजारी लिहायचे.

'गो' वापरणाऱ्यांनी आपल्या प्रकल्पाची फाइल उघडून आवृत्तीची ओळ बघावी. कंपायलर नवा असला तरी त्या ओळीत १.२१ किंवा त्याआधीचा आकडा असेल, तर लूप अजूनही जुन्याच अर्थाने चालतात. आकडा १.२२ किंवा पुढचा असेल तर 'व्हेट' या बगचा इशारा आता देणार नाही, कारण त्याची गरजच नाही. 'गोलँग-सीआय-लिंट' या टूलसंचात एके काळी लूप व्हेरिएबलची प्रत काढा म्हणून मागे लागणारी तपासणी निवृत्त झाली आहे. तिच्या जागी 'कॉपी-लूप-व्हॅर' नावाची नवी तपासणी आली आहे. ती डावीकडेही 'एक्स' आणि उजवीकडेही 'एक्स' असलेल्या त्याच जुन्या ओळी शोधते आणि सांगते, आता या काढून टाका.